वरचा आकडा, खालचा आकडा

"काटा थांबू दे गं. हलत्या काट्याकडे बघून बोलू नये."

हे बाबांचं. मी सात-आठ वर्षांची, त्यांच्यासमोर उकिडवी बसलेली, आणि दोघांच्या मध्ये कुठल्याशा दुकानातून दुरुस्तीला आलेला वजनकाटा. दुकानादुकानांचे काटे नीट करणं हा त्यांचा धंदा. मखमल लावलेल्या लाकडी पेटीत पितळेची वजनं ओळीने बसलेली असायची, फोटोला बसलेल्या कुटुंबासारखी. थोरलं माझ्या मुठीएवढं आणि शेंडेफळ म्हणजे पत्र्याचा नखाएवढा तुकडा, चिमट्यानेच उचलायचा. पारडं खाली जायला लागलं की मी ओरडायचे, "बाबा, उजवं जड!" आणि ते मान वर न करता म्हणायचे, काटा थांबू दे. त्यापुढेही ते काहीतरी म्हणायचे. दर वेळी म्हणायचे. ते पुढचं वाक्य माझ्याकडून कुठे पडलं कोण जाणे, आणि पडलं आहे हेसुद्धा आज सकाळी साडेअकरापर्यंत मला माहीत नव्हतं.

साडेअकराला मी लॅबच्या मागच्या खोलीत जोड्या लावत बसले होते. हा शब्द आयसीयूच्या सिस्टरचा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ती विचारते, "काय गं पाणीवाले, किती लग्नं जमवलीस आज?" पाणीवाली मी. कारण आमच्या हॉस्पिटलात एकाच माणसाच्या रक्ताचे दोन आकडे येतात. वर, तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत, पलंगांपासून दहा पावलांवर एक छोटं मशीन आहे. ते सिरिंजमधलं रक्त जसंच्या तसं चाखतं आणि दोन मिनिटांत सोडियम, पोटॅशियम सांगून मोकळं होतं. खाली, तळमजल्यावर, आम्ही. आम्ही रक्त आधी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतो, तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळं पाणी उरतं. आमचं मोठं मशीन त्या पिवळ्यात मोजून पाणी घालतं, पातळ झाल्यावर मोजतं आणि मग हिशेबाने गुणून आकडा देतं. चाळीस मिनिटं जातात. एरवी हा हिशेब बिनचूक असतो. पण फार आजारी माणसाच्या अंगातलं प्रोटीन उतरलेलं असतं, तिथे तो घसरतो, सोडियम तीन-चारने जास्तच दिसतं. "घाला, अजून पाणी घाला," सिस्टर म्हणते. मग मी म्हणते, "आणि तुमचं मशीन आंधळं आहे त्याचं काय?" तेही खरंच आहे. सुई टोचताना, रक्त ओढताना कधी कधी तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा फुकटचा वर चढतो. आम्हाला ते ट्यूब बघूनच कळतं, कारण वरचं पिवळं पाणी गुलाबी झालेलं असतं. अशा रक्ताला आम्ही हिमोलाइज्ड म्हणतो, शेरा मारतो आणि दुसरं मागवतो. वरच्या मशीनला रंग दिसत नाही. त्यात सिरिंजमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध कुणी नीट झटकलं नाही तर तेही मिसळतं आणि आकडे भलतीकडेच जातात. एकदा तसं झालं होतं म्हणे. म्हणून त्या मशीनच्या डोक्यावर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे, बारा वर्षं झाली: पोटॅशियमवर इलाज करण्याआधी लॅबचा आकडा घ्यावा.

आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांना तो कागद काढायचा आहे. पोटॅशियम चढलं की हृदय थांबतं, चाळीस मिनिटांत माणूस जातो, असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जराही चढत नाही म्हणून ऐकायला कसंतरी होतं. हॉस्पिटलच्या कमिटीने त्यांना सांगितलं, दोन्ही मशीनं जुळतात हे दाखवा. म्हणून या जोड्या. एकाच वेळी काढलेल्या रक्ताचा वरचा आकडा आणि खालचा आकडा, शेजारी शेजारी, शंभर ओळी. मागच्या सोमवारी ते दारातूनच म्हणाले, "साडेतीन-चारच्या जोड्या पोतंभर झाल्या तुमच्या. मला वरच्या टोकाच्या हव्यात. साडेसहाच्या वरच्या. तिथे दोन्ही एक बोलतात का बघा. बोलत असतील तर तो कागद मी माझ्या हाताने फाडतो." साडेसहाच्या वरच्या जोड्या मला जेमतेम सहा मिळाल्या होत्या. एवढं पोटॅशियम असलेली माणसं जोडीचा दुसरा आकडा येईपर्यंत थांबत नाहीत. मग सिस्टरने आयसीयूची जुनी रजिस्टरं आणून दिली, उशीच्या अभ्र्यात बांधून. टेबलावर ठेवताना म्हणाली, "जपून हं. माझं तरुणपणीचं अक्षर आहे त्यात." नेहमीसारखी हसली. नेहमीसारखी नव्हती हसली, हे मला आत्ता कळतंय.

सत्तेचाळीस नंबरच्या ओळीसाठी मी पान उलटलं. बेड सहा. दहा वाजून दहा मिनिटं, पाच पूर्णांक नऊ. दहा पन्नास, सहा पूर्णांक सात. मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला, की सातवी मिळाली. त्या आनंदातच मी आमचं रजिस्टर ओढलं, तारीख काढली, बोट खाली खाली आणलं. दहा पन्नासचं रक्त, बेड सहा, सहा पूर्णांक आठ. पुढे शेऱ्याच्या रकान्यात: हिमोलाइज्ड, परत पाठवा. अक्षर माझं. ह ला मी तेव्हा शेपूट जरा लांब काढायचे. आणि मग तारीख मला दिसली. म्हणजे ती आधीच दिसली होती, मी ती टाइपही केली होती, बोटांनी केली होती. आता ती मला दिसली.

कानात काहीतरी बंद झालं. बाहेरच्या खोलीत सेंट्रिफ्यूज फिरत होता, तो आवाज एकदम लांब गेला, जसं विहिरीच्या तळाशी कुणी जातं फिरवत असावं. हाताची बोटं मी मांडीखाली दाबून बसले, लहानपणी बसायचे तशी. समोर स्क्रीनवर ओळ पिवळी झाली होती, कारण शेरा असलेली प्रत्येक ओळ कॉम्प्युटर पिवळी करतो आणि विचारतो: ही ओळ वगळायची? हो. नाही. एवढंच. सहा पूर्णांक सात आणि सहा पूर्णांक आठ. दोन वेगळ्या मजल्यांवर, दोन वेगळ्या मशीनवर, आणि रक्तही दोन जागांचं. वरचं धमनीत बसवलेल्या नळीतून घेतलेलं, खालचं दुसऱ्या हाताला सुई टोचून. दोन्हीकडे सारख्याच पेशी फुटतील असं होत नाही. आणि चाळीस मिनिटं आधी पाच पूर्णांक नऊ, म्हणजे आकडा चढत होता, पायरी पायरीने चढत होता, आणि वरच्या पायरीवर बाबा होते.

नऊ वर्षं मी ते रक्त गुलाबी बघत आले आहे. झोपताना, दात घासताना, कुणाच्या नखाचा रंग बघताना. आमच्या लॅबमध्ये एक न लिहिलेला नियम आहे, आपल्या माणसाचं सॅम्पल आपण लावायचं नाही. त्या दिवशी माझ्या जोडीचा चहाला गेला होता आणि ट्यूब येऊन पडली, स्टँडमध्ये इतर ट्यूबांच्या रांगेत, लाल टोपणाची, पिवळ्या पाण्याची, कुणाच्या आईची, कुणाच्या भावाची, आणि त्यात ही. चिठ्ठीवर बाबांचं नाव. मी जोडीच्याची वाट बघू शकले असते. मी लावली. मशीनने आकडा दाखवला आणि मी म्हटलं, शक्य नाही. सकाळी आठला तर भेटून आले होते. हाताला हात लावला होता, कोमट होता. "तुझं मशीन काय म्हणतंय माझ्याबद्दल?" असं विचारलं होतं त्यांनी, चेष्टेने, आणि मी म्हटलं होतं, "म्हणतंय, काट्यावर माणूस नीट आहे." मी ट्यूब उचलली, खिडकीकडे धरली. तेवढ्यात फोन वाजला. वरून. "लॅब? बेड सहाचं पोटॅशियम काय आलं?" काटा थांबू दे गं, थांबू दे गं. "हिमोलाइज्ड आहे," मी म्हणाले. "परत पाठवा." वीस मिनिटांनी वॉर्डच्या मामांनी दुसरी ट्यूब आणली. ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत असताना फोन पुन्हा वाजला, आणि तोच आवाज म्हणाला, "ती लावू नकोस आता. तू वर ये."

आईला त्या दिवशी व्हरांड्यात कुणीतरी सांगितलं की रक्त खराब निघालं म्हणून दुसरं मागवलं होतं. तिने ते धरून ठेवलं. कुणी विचारलं की ती सांगते, "रक्तच खराब निघालं हो त्यांचं, कोण काय करणार?" ऐकणारा मान हलवतो, विषय मिटतो. तिचा मात्र मिटत नाही. बाबांची मूत्रपिंडं थकलेली होती, फळांचा रस वर्ज्य होता, आणि त्या सकाळी त्यांचे ओठ इतके सुकले होते की आईने सिस्टरची पाठ वळल्यावर त्यांना मोसंबीचा रस पाजला. दोन चमचे. नऊ वर्षांत आमच्या घरात मोसंबं चिरलेलं नाही. भाजी घ्यायला गेलो की फळांच्या गाडीपाशी ती पदर सारखा करते आणि दुसरीकडे बघते. मी तिला म्हटलंय, "दोन चमच्यांनी काही होत नाही गं आई." हजारदा म्हटलंय. ती म्हणते, "तू मनाचं सांगतेस." दोन चमच्यांनी काही होत नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते मी गिळून बसले होते. तिच्या दोन चमच्यांच्या आडोशाला मी नऊ वर्षं राहिले. असा आडोसा कुणी आपल्या आईकडून घेतं का? मी घेतला.

मी लिफ्टने गेले नाही. जिन्याने गेले, कठड्याला हात लावत, एक मजला, दोन मजले, पायऱ्या मोजत, कारण काहीतरी मोजत राहायला हवं होतं. आयसीयूचं दार ढकललं तेव्हा सिस्टर मशीनपाशीच उभी होती, कुणाची तरी सिरिंज दोन तळव्यांत घोळवत. तिने माझ्याकडे बघितलं, सिरिंज लावली, बटण दाबलं, हातमोजे काढले. सगळं नेहमीच्या क्रमाने. मग म्हणाली, "आलं वाटतं ते पान."

"तुला माहीत होतं."

"माझंच अक्षर आहे ना."

"फाडता आलं असतं."

"घेतलं होतं एकदा फाडायला. तू माझ्या लेकीच्या बारशाला आली होतीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. कपाटापाशी उभी राहिले, पान धरलं." ती मशीनच्या स्क्रीनकडे बघत होती. "मग म्हटलं, यात खोटं काहीच नाही. खरं का फाडू?"

मशीनने किर्र करून चिठ्ठी ओकली. तिने ती फाडून खिशात ठेवली. मी विचारलं, "फोनवर मला सहा पूर्णांक सात का नाही सांगितलंस? एवढं म्हटलं असतंस, आमच्याकडे सहा पूर्णांक सात आहे…"

"पद्धत नव्हती गं. अजून नाही. आपला आकडा सांगायचा नाही, तुमचा विचारायचा. सांगितला तर तुम्ही त्यालाच धरून बघता, असं आम्हाला शिकवलेलं." तिने हातमोजे कचऱ्यात टाकले. "आणि खरं सांगू? तू हिमोलाइज्ड म्हणालीस आणि मी सुटले. मला वाटलं, म्हणजे आमचाही खोटाच. डॉक्टर दोन नंबरच्या बेडवर अडकलेले, मला त्यांना हाक मारावी लागली नाही. मी मारली असती तर… पण लॅबने सांगितलं होतं ना. कागद आहे ना भिंतीवर." तिने कागदाकडे बघितलं. कागदाचे कोपरे चिकटपट्टीखाली तपकिरी झाले होते. "तुझा आवाज मी ओळखला होता. तू कोणाचं सॅम्पल लावलंयस ते मला कळलं होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला दे."

बेड सहावर आता एक बाई होती, माझ्याच वयाची, तोंडात नळी, डोळ्यांवर ओलं कापड. तिची छाती यंत्राच्या तालावर उठत होती आणि बसत होती. तिच्या पायाशी चादरीचा कोपरा कुणीतरी फार मायेने दुमडला होता.

"गुलाबी होतं का गं?" सिस्टरने विचारलं. इतक्या हळू, की विचारलं नाही असंही म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं. खिडकीचा उजेड, वर धरलेली ट्यूब, माझा अंगठा आणि आतलं ते दोन बोटं पाणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला नको सांगूस," ती म्हणाली. "मला सांगून तू सुटशील, आणि परत डबा खायला बसू आपण. ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

खाली आले. ओळ पिवळीच होती. ही ओळ वगळायची? हो म्हटलं तर कुणी काही विचारणार नव्हतं, शेरा आहे, शेऱ्याच्या ओळी वगळायच्या असंच ठरलंय. मग वरच्या टोकाला सहाच जोड्या राहतील, कमिटी म्हणेल थोड्या आहेत, कागद भिंतीवर राहील आणि बेड सहावरची ती बाई चाळीस मिनिटं थांबेल. तिच्यानंतरचाही थांबेल. नाही म्हटलं तर शेरा खोडावा लागेल, आणि का खोडला ते लिहावं लागेल, सही करावी लागेल. मोठे डॉक्टर मघाशी दारात डोकावून गेले होते. "सातवी मिळाली का?" मी म्हटलं, "उद्या सांगते." ते म्हणाले, "उद्याचं नक्की ना? परवा कमिटी आहे." नक्की, मी म्हणाले. रक्त तसंच ठेवलं की त्याचं काय होतं ते आम्ही नव्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवतो. वरून काही दिसत नाही. आतल्या आत पेशी गळायला लागतात, आणि तासातासाने आकडा खोटा होत जातो. वेळेवर वेगळं काढायचं असतं. मीच ते शिकवते, पंधरा वर्षं शिकवते, फळ्यावर चित्र काढून.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. आई खिडकीपाशी जमिनीवर बसली होती, पुढ्यात बाबांची पेटी. पंधरा दिवसांनी एकदा ती वजनं बाहेर काढते, जुन्या सदऱ्याच्या तुकड्याने पुसते आणि परत आपापल्या खळग्यात बसवते. वापर काहीच नाही. ती म्हणते, काळी पडतात. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि तिच्यासमोर बसले. उकिडवी.

"लवकर आलीस," ती म्हणाली. "बरं नाही का?"

"बरी आहे."

"तोंड बघ आरशात. कुणी ओरडलं का साहेबाने?"

"नाही गं."

"मग खाल्लं नसशील. ती वरची सिस्टर बरी तुझ्याबरोबर असून तुला उपाशी ठेवते." तिने एक वजन उजेडाकडे धरलं, डाग बघितला, पुन्हा घासलं. मी ट्यूब धरली होती नेमकं तसंच धरलं, अंगठा आणि दोन बोटांत, डोळा बारीक करून. मला बघवेना. मी चिमटा उचलला आणि पत्र्याचं ते शेंडेफळ उचलायला गेले, ते सुटून फरशीवर पडलं, आवाजसुद्धा झाला नाही. दोघी वाकून शोधायला लागलो. तिच्या केसांना तेलाचा आणि औषधाचा वास येत होता.

"आई," मी फरशीकडेच बघत विचारलं, "बाबा म्हणायचे ना, काटा थांबू दे, हलत्या काट्याकडे बघून बोलू नये. त्यापुढे काय म्हणायचे?"

"अगं, विसरलीस? दिवसातून दहादा म्हणायचे. दुकानदार चिडायचे त्यांच्यावर, गिऱ्हाइकासमोर काटा खोटा आहे म्हणून सांगायचे ना हे." तिला तो तुकडा सापडला होता, पदराच्या काठाखाली. बोटाच्या टोकाला चिकटवून तिने तो अलगद वर घेतला. "काटा थांबू दे. आणि एकदा थांबला की तोंडावर सांगून टाक, मग समोर कुणी का असेना."

तिने तुकडा खळग्यात ठेवला आणि पेटीचं झाकण लावायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला. थांब म्हटलं. माझ्या तोंडून आलेला आवाज फोनवरचा होता, नऊ वर्षांपूर्वीचा, लॅबचा, आणि आईने चमकून माझ्याकडे बघितलं.

"उद्या मला हे लिहून द्यायचंय, सही करून. त्याआधी तुला सांगायचंय," मी म्हणाले. "बाबांचं रक्त खराब निघालं नव्हतं, आई. मी उजेडात धरून बघितलं होतं. ते पिवळं होतं. स्वच्छ पिवळं. आकडा खरा होता, आणि मला तो नको होता, म्हणून मी वर सांगितलं, गुलाबी आहे, दुसरं पाठवा. तुझ्या दोन चमच्यांचं नव्हतं ते. माझं होतं."